हळद लागलेले पोलके

परदेशाहून परतलेल्या माणसाला वाईच्या घाटावर गाठून लोक दोन गोष्टी विचारतात : काय पाहिले आणि जेवणाचे कसे झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जर्मनीत उन्हाळाभर सुनेच्या हातचे जेवलो आणि वजन वाढवून आलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मात्र विचारणारा क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहतो, कारण मी खरे तेच सांगतो. मी पोलकी पाहिली. किल्ले पाहिले, कारखाने पाहिले, उंच शिखरांची चर्चेही पाहिली. परंतु आयुष्यभर पाठशाळेत मुलांकडून शब्दरूपे घोटून घेतलेला, पंचाहत्तरी ओलांडलेला मनुष्य सुनेच्या मागोमाग हिंडत, परक्या देशात तिसऱ्याच देशातल्या स्त्रियांची पोलकी धुंडाळीत होता, हे उभ्या उभ्या सांगून कोणाला पटत नाही. म्हणून बसून लिहितो आहे.

गेर्लिंगेन

माझा मुलगा मंदार श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेन गावी एका मोठ्या कंपनीत अभियंता आहे. गाव टेकडीच्या उतारावर वसलेले. वरच्या अंगाला द्राक्षांचे मळे आणि त्यांच्याही वर दाट रान. मंदार, सून सई आणि आठ वर्षांची नात ओवी तिसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे विमानप्रवासाला राजी नव्हते, म्हणून मी एकटाच गेलो होतो.

पहिल्याच सकाळी दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी टांगलेली दिसली. शेजाऱ्यांनी माझे स्वागत केले असावे, असे मला वाटले.

"अण्णा, ती केरवोखेची पाटी आहे," सई म्हणाली. "या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली."

आमच्याकडे देवळात पुजाऱ्यांची पाळी फिरते, तशी त्या प्रांतात झाडण्याची फिरते. पाळी चुकली तर देव कोपायच्या आधी तळमजल्यावरच्या आजीबाई कोपतात, एवढाच फरक. मी आनंदाने केरसुणी मागितली.

"अण्णा, तुम्ही कशाला?" मंदार म्हणाला.

"झाडू देत की. तू मागच्या पाळीला जिना नुसता बघून आला होतास," सई म्हणाली.

त्या संध्याकाळी सईने मला आपले कपाट दाखवले. तिचे माहेर इचलकरंजीचे. तिचे आजोबा हातमागावर लुगडी विणत. गावात यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला आणि आजोबांचा माग माळ्यावर जाऊन पडला. सई स्वतः संगणकाचे काम करते, पण कापड हातात आले की ती आधी ते उलटे करून पाहते. ही सवय आजोबांची. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि उलट बाजू विणकराचा स्वभाव सांगते, असे ते म्हणत.

"हात धुतलेत ना अण्णा? तेल लावलं नाही ना? अंगठी काढा."

ज्याने जन्मभर दुसऱ्यांना हात धुवायला लावले, त्याला हे ऐकून घरच्यासारखे वाटले. माझ्या सोवळ्याला हसणारा माझा मुलगा त्या कपाटापुढे मात्र हात मागे बांधून उभा होता.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ भागात माया वंशाच्या स्त्रिया राहतात. त्या स्वतःसाठी जे पोलके विणतात त्याला वीपिल म्हणतात. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचे, दुसरे पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. बाई मागे रेलली की ताणा, म्हणजे उभ्या दोऱ्यांचा संच, ताठ होतो. म्हणजे विणणारीचे शरीर हाच मागाचा अर्धा भाग. असे दोन-तीन पट्टे विणून जोडायचे आणि मधोमध डोके जाईल एवढा गळा ठेवायचा. कापड विणतानाच त्यात रंगीत दोरे भरून आकृती उठवतात. सईने केवळ प्राण्यांची पोलकी जमवली होती. कोंबडे, हरणे, घोडे, ससे, विंचू आणि ओळीने चालणारी मांजरे. आपल्या खणाच्या चोळीवरची बारीक नक्षी मला आठवली, आणि सौभाग्यवतींच्या शालूच्या पदरावरचे मोर तर डोळ्यांसमोर येऊन नाचू लागले. मैलांच्या हिशेबाने एवढ्या दूर असलेल्या बायकांना पाखरांवाचून अंगावर वस्त्र घालवत नाही, याचे मला फार कौतुक वाटले.

"पण आईचा फोगेल अजून नाहीये," ओवी म्हणाली. फोगेल म्हणजे पक्षी.

"कुठला पक्षी?"

"त्स्वाय क्योप्फे," असे म्हणून तिने आपल्या डोक्याशेजारी मूठ धरून दाखवली. दोन डोकी.

सईने कपाट लावून घेतले. "दोन डोक्यांचा गरुड, अण्णा. जुनं, हातचं, नीट विणलेलं मिळतच नाही. सात वर्षं शोधतेय. मिळालं तर मी दुसरं काही मागणार नाही."

"असं ती घोड्यांच्या वेळीही म्हणाली होती," मंदार म्हणाला.

डार्मश्टाट

मंदारचे विद्यापीठात काही काम होते, म्हणून एका शनिवारी आम्ही सगळेच डार्मश्टाटला गेलो. तिथे त्या दिवशी फ्लोमार्क्ट, म्हणजे आपल्याकडचा जुना बाजार भरला होता. फरक एवढाच की तिथे ओरडत कोणी नाही. विकणारा खुर्चीत पुस्तक वाचत बसतो आणि घेणारा त्याला त्रास दिल्याबद्दल आधी क्षमा मागतो.

त्या दिवशी एकादशी होती. मी लाल, टपोऱ्या स्ट्रॉबेरी घेऊन एका बाकावर बसलो होतो. आमच्याकडेही त्या पिकतात, पण इथल्या फळाचा वास मला करवंदाच्या जाळीची आठवण करून देत होता. चव मात्र अधिक सौम्य. बाकासमोर जुनी वस्त्रे विकणारा एक भरघोस पांढऱ्या दाढीचा गृहस्थ होता. त्याने आपल्या डब्यातला पाव मला देऊ केला. उपवास आहे, असे मी त्याला इंग्रजीत सांगितले.

"डॉक्टरांनी सांगितलाय?"

"नाही, चंद्राने," मी म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि समजल्यासारखी मान डोलावली.

इतक्यात सई त्याच्या मांडणीपाशी थबकली. तिथे एक उशी होती. उशीचा अभ्रा एका वीपिलचा केलेला होता. घोड्यांची रांग मधूनच कापली होती; एका घोड्याचे तोंड आणि पुढचे पाय उशीवर, उरलेला घोडा कुठे गेला कोण जाणे.

"हे कोणी कापलं?" सईने जर्मनमध्ये विचारले. तिचा आवाज ऐकून ओवीने माझा हात धरला.

"माझ्याकडे आलं ते असंच," दाढीवाला म्हणाला. "तुम्ही आणि ती लुडविग्सहाफेनची बाई, दोघी सारख्याच. ती दर उन्हाळ्यात येते आणि यावरूनच मला फैलावर घेते. तेव्हा तुम्ही एकमेकींनाच भेटा ना. तिच्याकडे कपाटं भरून आहेत. आता घर सोडतेय ती, सगळं वाटून टाकतेय." आणि त्याने तिथल्या तिथे त्या बाईंना फोन लावून सईच्या हातात दिला.

सईने ती उशीही घेतली. मंदारने विचारले, "ही कशाला?" तर म्हणाली, "त्याला इथं सोडवत नाही." परतताना तो अर्धा घोडा तिने मांडीवर घेतला होता.

लुडविग्सहाफेन

पुढच्या आठवड्यात सई आणि मी आगगाडीने गेलो. मानहाइम सोडले की गाडी ऱ्हाइन नदीच्या पुलावर चढते आणि पलीकडे रासायनिक कारखान्याचे अवाढव्य नगर दिसू लागते. वाफेचे ढग, नळांच्या रांगा आणि एवढ्या सगळ्यातून शांतपणे जाणारी ती नदी. मी सईला म्हटले, आधी नदीवर जाऊ. गेलो. काठ दगडी आणि उभा. आमच्या कृष्णेला घाटावरून दहा जागी उतरता येते. इथे एवढी विशाल नदी आणि मला तिच्यापर्यंत नेणारी एकही पायरी दिसेना. वरूनच हात जोडले.

ज्यांच्याकडे आम्ही निघालो होतो त्या फ्राउ, म्हणजे श्रीमती, लोरेंत्स ऐंशीच्या पुढच्या. उंच, ताठ, आखूड रुपेरी केस आणि अंगात करडा स्वेटर. रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांनी सारे आयुष्य घालवले. तरुणपणी नीळ आणि किरमिजी रंग अभ्यासण्यासाठी त्या ग्वाटेमालात गेल्या, मानुएला नावाच्या एका विणकर बाईच्या घरी राहिल्या, आणि तेव्हापासून पोलकी जमवू लागल्या. आता जिने चढवत नाहीत, म्हणून वृद्धांच्या निवासात जायचे ठरले होते. घरात सगळीकडे खोकी होती.

मी दारातच जोडे काढले आणि हात कुठे धुवायचे ते विचारले. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या.

"हे माझ्याकडे येणाऱ्यांना मला सांगावं लागतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"आमच्याकडे हे मी सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी आम्हा दोघांना पांढरे सुती हातमोजे दिले आणि शेवटचा खण उघडला. बाकी सारी पोलकी कोणाकोणाकडे गेली होती. हे एकच उरले होते. पातळ कागदाच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि आत पांढऱ्या सुतावर लाल-जांभळ्या दोऱ्यांनी भरलेला तो पक्षी पंख पसरून उभा होता. एक मान उजवीकडे, एक डावीकडे. गळ्याभोवती काळ्या रेशमाचे टोकदार किरण होते, जणू घालणाऱ्या बाईचे मस्तक हेच सूर्यबिंब. माझे हात आपोआप जुळले.

"तुम्ही याला ओळखता?" बाईंनी विचारले.

"आमच्या देवळांवर आणि गडांच्या दरवाजांवर हा दगडात असतो. गंडभेरुंड. पण इतका मऊ मी प्रथमच पाहिला."

"मानुएला म्हणायची, एक डोकं पुढचं बघतं, एक मागचं. माझ्या मापानं विणलं तिनं हे. जाईन तेव्हा विचारायची, घातलंस का?"

"घातलं होतं?" सईने विचारले.

"नाही. फार चांगलं आहे ते. मी जपलं."

सई वाकली होती. तिने पक्ष्याकडे अजून नीट पाहिलेही नव्हते. काठ दोन बोटांत धरून तिने तो अलगद उलटा केला, दोऱ्यांचे शेवट पाहिले आणि मराठीतच पुटपुटली, "आजोबा असते ना, तर बसूनच राहिले असते." तिला कळलेही नाही की आपण मराठीत बोललो.

बाईंना शब्द कळले नाहीत, कृती कळली. त्यांनी पोलक्यावर पातळ कागद पुन्हा पसरला. मग म्हणाल्या, "मी हे विकत नाही. विकलं की लोकांना वाटतं, आपलं झालं. दोन आठवडे घरी घेऊन जा. धुवायचं नाही, अत्तर नाही, टांगायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. मग परत आण. मी बघेन आणि ठरवेन. प्रोबेत्साइट."

नव्या नोकरीत माणसाला पारखण्याचा जो काळ असतो त्याला जर्मनीत हा शब्द आहे. सई म्हणाली, "माझी की पोलक्याची?"

"गेनाऊ," बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. दोहोंपैकी काय बरोबर, ते त्यांनी सांगितले नाही.

पुन्हा गेर्लिंगेन

बाईंच्या सूचनांत हळदीचे नाव नव्हते. कसे असणार?

घरात सर्वांत स्वच्छ आणि सावलीची जागा म्हणजे देवघराशेजारचे टेबल. सईने तिथे धुतलेली चादर अंथरून त्यावर पोलके ठेवले आणि ती ओवीला शाळेत सोडायला गेली. माझी पूजा नुकतीच आटोपली होती. देवाजवळ कोरे वस्त्र, कोणाच्या अंगाला कधी न लागलेले. आमच्या शास्त्रात ज्याला अहत म्हणतात तसे. आमच्या घरात नव्या वस्त्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावल्याशिवाय ते कोणी वापरीत नाही. हे वस्त्र कायमचे आले आहे की दोन आठवड्यांसाठी, हा विचार मला शिवला नाही. पाहुणी परत जाणार म्हणून तिला कुंकू लावायचे आपण थांबत नाही. मी ओल्या बोटाने हळद घेतली, खालच्या कोपऱ्याला टेकवली, तिच्यावर कुंकू टेकवले आणि नमस्कार केला.

सई आली. चहा ठेवायला निघालेली ती टेबलापाशी थांबली.

"अण्णा, हे काय आहे?"

"हळदकुंकू."

ती खाली जमिनीवर बसली. रागावली असती तर मला सोपे गेले असते. थोड्या वेळाने उठून तिने साबणाच्या पाण्यात बुडवलेला कापूस डागावर टेकवला, तेवढ्यात जो भाग पिवळा होता तोही लालभडक झाला.

"हळदीला क्षार लागला की असेच होते," मी म्हणालो. "कुंकू करण्याची रीतच ती."

"अण्णा, प्लीज. आत्ता नको."

मंदार दुपारी घरी आला, त्याने चष्मा कपाळावर चढवून डाग पाहिला आणि म्हणाला, "बारीकच आहे. सांगायलाच हवं का? म्हातारीला एवढं दिसणार आहे?"

"तिला काठातला एक चुकलेला दोरा दिसतो, मंदार."

वाईला फोन झाला. सौभाग्यवतींनी सगळे ऐकून घेतले. "अहो, पन्नास वर्षांत माझ्या एका लुगड्याची घडी तुम्ही घातली नाहीत, आणि परक्या बाईच्या पोलक्याला हात लावायला कोणी सांगितलं होतं? आता उन्हात टाका ते. हळद उन्हानं जाते."

"आई, उन्हानं बाकीचे रंगही उडतील," सई म्हणाली.

"मग ज्यांचं आहे त्यांना विचारा बाई."

चूक माझी, म्हणून फ्राउ लोरेंत्सना फोन मी केला. इंग्रजी वाक्ये आधी मनात जुळवून घेतली होती. घडले ते सगळे मी त्यांना सांगितले.

"कोणता साबण?" बाईंनी विचारले.

सईने नाव सांगितले.

"पुन्हा लावू नका. आणि ती लाल पूड? बाजारची?"

"आमच्या घरी बाजारचे कुंकू येत नाही. हळद, लिंबाचा रस आणि सवागी, म्हणजे बोरॅक्स. माझी पत्नी घरी करते."

"म्हणजे सगळी हळदच." त्यांचा आवाज प्रथमच सैल झाला. "तुमच्या पत्नीचे आभार माना. बाजारचा रंग असता तर काही उपाय नव्हता. आता ऐका."

त्यांनी सांगितले त्याप्रमाणे डागाखाली टिपकागद ठेवून शुद्ध पाण्यात किंचित व्हिनेगर घालून थेंब टेकवला. लाल पुन्हा पिवळे झाले. मग सारे पोलके काळ्या जाड कागदाने झाकायचे, कागदाला डागाएवढेच भोक ठेवायचे आणि तेवढ्यालाच ऊन दाखवायचे. कोणीतरी शेजारी बसलेच पाहिजे. कागद सरकला तर पक्ष्याचा रंग जाईल.

"मी बसतो," मी म्हणालो.

"ते मी गृहीतच धरलं होतं, हेर योशी." हेर म्हणजे श्रीयुत, आणि जोशी हे नाव त्यांच्या जिभेवर असेच येते.

मग आठवडाभर आभाळ भरून राहिले. मी पहाटे स्नान करून गच्चीवर अर्घ्य देत असे, समोर पूर्व दिशा राखाडी. बालपणापासून सूर्याला पाणी घालीत आलो. त्याच्यापाशी कधी काही मागितले नव्हते. मागण्याची रीत मला ठाऊक आहे, पण एका पोलक्यासाठी मागताना शब्द सुचेनात. शेवटी मराठीतच म्हणालो, "थोडा वेळ तरी या."

ढग फाटला की मी लाकडी पाटावर ठेवलेले ते पोलके घेऊन गच्चीत बसायचो आणि ऊन सरकेल तसा पाट सरकवायचो. धोतर नेसलेला म्हातारा काळ्या कागदाची राखण करीत बसतो, हे खालच्या बागेतून दिसत असे. तळमजल्यावरच्या, जिन्याच्या पाळीवर लक्ष ठेवणाऱ्या आजीबाईंनी सईला एकदा स्पष्टीकरण विचारले. ते ऐकल्यापासून त्यांच्या अंगणात आधी ऊन पडले की त्या खालून हाक मारीत, "झोने, हेर योशी!" म्हणजे सूर्य आला. त्या एका शब्दासाठी मी हातातला घास खाली ठेवून उठत असे. त्या दिवसांत पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांचा मोसम होता. आजीबाईंनी एकदा उकडलेले कोंब आणि बटाटे लोणी घालून वर पाठवले. मीठ आणि लोणी एवढाच मसाला, आणि तरी पदार्थ गोड लागला. मी पाटापाशी बसूनच खाल्ला.

सई कामाच्या मधून येऊन भोकातून पाहून जाई. "कमी झालंय ना?" ती विचारी. "झाले आहे," मी म्हणे. कधी खरोखर झालेले असे, कधी नसे. फ्राउ लोरेंत्सचा रोज सकाळी फोन येई. त्या नमस्कारही करीत नसत. "ऊन आहे?"

ऱ्हाइनच्या पलीकडे

पोलके परत न्यायच्या दिवशी सई आणि मी पुन्हा आगगाडीत बसलो. पिशवी तिने मांडीवर धरली होती. मानहाइम आल्यावर म्हणाली, "नाही म्हणाल्या तर वाद घालायचा नाही, अण्णा. तुम्ही माझी बाजू मांडायची नाही."

"मी काही बोलणार नाही," मी वचन दिले.

बाईंच्या घरात आता एक टेबल आणि तीन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. टेबलावर केक होता. "अंडं घातलेलं नाही," त्या मला म्हणाल्या. "त्यामुळे दगड झालाय. चहात बुडवा." मग हातमोजे चढवून, भिंग घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. सई उभीच होती.

"अजून आहे," बाई म्हणाल्या. "अगदी थोडं. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल." त्यांनी भिंग खाली ठेवले आणि माझ्याकडे वळून विचारले, "पण हे लावतात कशासाठी?"

बोलणार नाही असे वचन दिले होते, पण प्रश्न मला होता. "नवे वस्त्र आहे असे सांगण्यासाठी," मी म्हणालो. "घरात आले, देवाने पाहिले, आता अंगावर जाईल."

"आणि लावल्यानंतर?"

"मग घालायचेच. हळदकुंकू लावलेले वस्त्र आमच्याकडे पुन्हा कपाटात ठेवीत नाहीत."

वाक्य तोंडातून गेले आणि सईने माझ्याकडे पाहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी काय बोलून बसलो.

पोलके उचलून बाई आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ आतून सळसळ ऐकू येत होती. मग हाक आली, "सई, माझा चष्मा अडकलाय."

सई आत गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा करड्या स्वेटरवर तो लाल-जांभळा पक्षी होता आणि काळ्या किरणांच्या मधोमध विसकटलेल्या रुपेरी केसांचे मस्तक. खांदे जिथे यायला हवेत तिथेच आले होते. आरसा खोक्यात गेला होता, म्हणून सईने फोनवर छायाचित्र काढून त्यांना दाखवले. बाईंनी ते हातभर दूर धरून पाहिले, मग जवळ आणून पाहिले.

"मानुएलाला दाखवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मानुएलाला जाऊन बरीच वर्षे झाली होती.

सईने वाकून पोलक्याचा मागचा काठ सरळ केला.

"तुझी प्रोबेत्साइट झाली," बाई तिला म्हणाल्या. "तू पास. तुम्ही फोन करून खरं सांगितलंत, तेव्हाच पास झालीस. आता माझी सुरू झाली. किती चालेल सांगता येत नाही. माझी संपली की ते तुझ्याकडे येईल, पण तोपर्यंत मी घालणार आहे. चालेल?"

"या," सई म्हणाली. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो. तिने तो शब्द पटकन उच्चारला, आणि मग केकचा तुकडा चहात बुडवून बराच वेळ तसाच धरून ठेवला.

परतताना तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. आत पातळ कागदाची घडी तेवढी. पूल ओलांडेपर्यंत दोघेही नदीकडे पाहत होतो.

"दोन मिनिटं गप्प बसला असतात ना अण्णा, तर पक्षी आत्ता इथं असता."

"वचन मोडले मी."

"मोडलंत." ती हसली. "किती शोभत होतं पण त्यांना. मी ते बंदच करून ठेवलं असतं, कपाटात." थोड्या वेळाने म्हणाली, "बाकीच्या पोलक्यांजवळ मात्र तुमची कुंकवाची करंडी न्यायची नाही."

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी तिने घोड्यांचे पोलके अंगात घालून जिना झाडला. केरवोखेची पाळी पुन्हा आमच्याकडे आली होती. तळमजल्यावरच्या आजीबाईंनी घोडे मोजले आणि जिना तपासायचे त्या विसरल्या.

वाईला आल्यावर सौभाग्यवतींना सगळे क्रमाने सांगितले. सईने पाठवलेले नवे छायाचित्रही दाखवले : निवासाच्या बागेत, खुर्चीत बसलेल्या फ्राउ लोरेंत्स, अंगावर दोन डोक्यांचा पक्षी, आणि भर उन्हात.

"म्हणजे एवढी खटपट करून पोलकं कोणाला मिळालं?" त्यांनी विचारले.

"जिच्या मापाचे होते तिला."

"आणि डाग?"

"किंचित राहिला आहे. कोपऱ्यात."

त्यांनी फोन उजेडाकडे धरला, कोपरा मोठा करून पाहिला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नवं आहे ना ते."